पांढऱ्या पट्ट्याचं झाड

४ जून, बुधवार

सदूचं वेटोळं गोल आलं! माझं — लिहूनच टाकतो, इथे कोण वाचतंय — माझं म्हणजे चेचलेली गोगलगाय. राही मॅडमनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. मुद्दाम नसेल. पण ठेवले ना!

कंपवाताची तपासणी म्हणजे हीच. मधल्या ठिपक्यापासून पेन्सिलीनं गोल गोल फिरत बाहेर यायचं, रेघ रेघेला लागता कामा नये. मग बोटांची चिमूट उघडमीट. मग खुर्चीतून उठून दारापर्यंत जाऊन यायचं. मार्चमध्ये आम्हा दोघांची वेटोळी सारखीच वाकडी होती. तेव्हा सदूच म्हणाला होता, "जुळी वाटतायत रे!" तीन महिन्यांत त्याचं सुधारलं आणि माझं तिथंच.

"सदूकाका, छान हं!" — मॅडम. मला काय म्हणाल्या? "सहदेवकाका, अक्षर बारीक होत चाललंय तुमचं. रोज एक पान लिहा. मोठ्या अक्षरात. काहीही लिहा." म्हणून ही वही. मी काहीही लिहिणार आहे.

औषध नवं म्हणायचं, पण मुळात मधुमेहाचं. ते टोचलं तर मेंदूतल्या मरत चाललेल्या पेशी तगतात का, ते बघताहेत. आमच्या रोजच्या गोळ्या हात चार तास धरून ठेवतात, रोगाला काही करत नाहीत. हे रोगालाच आवरेल, अशी आशा. फक्त एक मेख आहे. निम्म्या लोकांना औषध आणि निम्म्यांना नुसतं पाणी. टोचायची पेनं दिसायला एकसारखी. कोणाला काय मिळतंय ते मॅडमनाही माहीत नाही. खोक्यावर नंबर तेवढा असतो. सदू एक्केचाळीस, मी बेचाळीस.

दोघांची खोकी आमच्याच फ्रिजमध्ये असतात. सदूचा फ्रिज खाऱ्या हवेनं मेला, तुळसावहिनी त्यात आता तांदूळ आणि आमसुलं ठेवतात. म्हणून दर बुधवारी पाच वाजता तो इथे येतो आणि आमची नंदा दोघांना टोचते. अंगणवाडीत तीस वर्षं काढलेली बाई, हात हलका आहे. सदूला टोचताना जरा जास्तच हलका असतो.

आज मारुती मंदिराजवळच्या दवाखान्यापासून भाट्याला घरी येईपर्यंत रिक्षात हाडं खिळखिळी झाली. मी ओटीवर आडवा झालो. खोकी ठेवायला सदू आत गेला तो येईचना! तेरा आठवड्यांची तेरा तेरा पेनं, ठेवायला कितीसा वेळ लागतो? हाक मारली तर म्हणतो, "मासेमारीच्या बंदीआधी वैनीनं बांगडं किती भरून ठेवल्यान् ता बघतंय." गेले तीन महिने त्याची खाण्यावर वासना नाही, पण बघायला पाहिजे!

पाचला टोचून घेतलं. तो घरी गेला. शिट्टी वाजवत.

५ जून, गुरुवार

एक पान लिहा म्हणाल्या. आज एवढंच. अक्षर मुंगीएवढं.

६ जून, शुक्रवार

सकाळची पेज उलटून पडली. दिवसभर मळमळ. कालच्या शिंपल्या, त्या तिसऱ्या! बंदीमुळे बाजारात मासळी नाही, म्हणून नंदानं खाडीवरच्या बाईकडून घेतल्या. मी बजावलं होतं, वास येतोय. नंदा म्हणते, "मी पण खाल्ल्या, माका कायव् झाला नाय." पण तिलाही दोनदा आंबट ढेकर आली, मी ऐकली.

संध्याकाळी सदू फणसाचे गरे घेऊन आला. मी बादलीजवळ बसलेलो. म्हणतो, "मळमळतंय? अरे वा!" आणि खो खो हसला. माणूस इथे आतडं वर येईल म्हणून घाबरलाय आणि हा हसतोय! गरे परत पाठवणार होतो. नंदानं ठेवून घेतले.

८ जून, रविवार

सदू आमच्याकडे जेवला. दोन बांगडे, तीन वाढण्या भात. मार्चपासून त्याला इतकं जेवताना पाहिलं नव्हतं. म्हणजे आता हातही थांबलेले आणि जेवणही झकास! एकेका माणसाला सगळंच कसं मिळतं?

लहानपणापासून हेच. आम्ही दोघं एकाच दिवशी पावस गावच्या बागेत कामाला लागलो. एका खतकंपनीची प्रयोगाची बाग होती. माझी कलमं बघायला गुहागरहून लोक यायचे, दिवसाला दोनशे बांधायचो, शंभरातली नव्वद जगायची. पण गडीमाणसांत बोलबाला कोणाचा? सदूचा! तो झाडावर गाणी म्हणायचा ना.

तिथल्या प्रयोगाची आठवण आज जेवताना निघाली. मोहर लवकर यावा म्हणून कंपनी एक औषध मुळाशी ओतायची. वीस झाडांना औषध, त्यांच्या बुंध्याला लाल पट्टा. वीस झाडांना तेवढंच नुसतं पाणी, त्यांना पांढरा पट्टा. आम्हाला सगळं उघड माहीत होतं, झाडांपासून कोण लपवणार! फळं मोजायचं काम माझं, ओतायचं सदूचं. तिसऱ्या वर्षी नऊ नंबरचं पांढऱ्या पट्ट्याचं झाड आंब्यांनी वाकलं. सदू त्याला चोरून अर्धी बादली औषध घालत होता! का? तर, "त्यानं काय पाप केल्यान् रे? आजूबाजूला सगळी लाल पट्ट्याची, मधी तोच उपाशी. माज्यानं बघवत नाय."

सदूला वाटतं साहेबांनी ते स्वतः ओळखलं. मी सांगितलं होतं. त्या महिन्यात मुकादम नेमायचे होते आणि सगळे सदूचं नाव घेत होते. मुकादम मी झालो. सदूला फवारणीवर टाकलं. त्याचं त्याला काही वाटलं नाही, तिथेही गाणी म्हणायला लागला. हे आजपर्यंत नंदालाही सांगितलेलं नाही. वही, तुलाच.

९ जून, सोमवार

आज कळलं. सगळं कळलं!

तुळसावहिनी ताक घेऊन आल्या होत्या. ओटीवर बसून नंदाशी बोलत होत्या. "ह्ये एप्रिलपास्ना अर्धी भाकरी खायाचे. रोज ढवळायचा. चार किलो उतरले. मी मॅडमना फोन लावला तर बोलल्या, त्या औषधानं व्हतां तसां. घाबरू नका."

त्या औषधानं! पाण्यानं कोणाला ढवळतं का? पाण्यानं कोण चार किलो उतरतं का? म्हणजे एक्केचाळीसमध्ये औषध आहे आणि बेचाळीसमध्ये पाणी. तीन महिन्यांत मला एकदा मळमळलं, तेही तिसऱ्यांमुळे. मी मजेत जेवतोय, दोन किलो वाढलोय. सदूच्या बुंध्याला लाल पट्टा, माझ्या पांढरा.

आणि सदूला हे एप्रिलपासून माहीत होतं! एका शब्दानं बोलला नाही. दर बुधवारी माझ्या शेजारी बसून, माझ्या बायकोकडून टोचून घेऊन, माझा चहा पिऊन गेला. शुक्रवारी का हसला ते आता कळलं.

मला उलटी हवी आहे. माणसानं देवाकडे उलटी मागावी अशी वेळ आली. आमच्याकडे देव नाहीत, बाबासाहेबांच्या तसबिरीकडे उलटी मागायला तोंड होत नाही.

१० जून, मंगळवार

नंदा बचत गटाच्या बैठकीला गेली होती. दुपारी तीन ते साडेचार.

लिहू का? लिहितो.

दोन्ही खोकी बाहेर काढली. नंबर फक्त खोक्यावर आहे, पेनांवर नाही. बारा पेनं इकडची, बारा तिकडची. एक पेन हातातून निसटलं, ओट्याखाली गेलं. गुडघ्यावर बसून काढलं. फुटलं नव्हतं. माझा हात एवढा थरथरत होता की खोकं मिटायला दहा मिनिटं लागली. बेचाळीसमध्ये आता सदूची पेनं. एक्केचाळीसमध्ये माझी.

चोरी आहे. मला ते कळतं. पण त्यानं तीन महिने घेतलं, आता तीन महिने मी घेईन. एवढा हिशेब त्यालाही पटेल. विचारणार मात्र नाही.

खोकी होती तशी ठेवली, बांगड्यांच्या डब्याच्या डावीकडे. नंदा आली तेव्हा ओटीवर पेपर वाचत होतो. म्हणाली, "घामाघूम कशान् झालात?"

११ जून, बुधवार

टोचलं. आधी मला, मग त्याला. मला दुखलंसुद्धा जास्त — औषध जाड असणार!

सदू म्हणतो, "पोट कसां हाय रे आता?" म्हटलं, बरं आहे. "मळमळ?" नाही. त्याचा चेहरा पडला. मग म्हणतो, "येल, येल. घाई नको." हे काय बोलणं? माझी थट्टा. करू दे. आज बाजी कोणाकडे आहे त्याला ठाऊक नाही.

१२ जून, गुरुवार

हात हलका वाटतोय. खरंच!

१५ जून, रविवार

रायवळ आंब्याच्या कोयी धुऊन पिशव्यांत लावल्या. तीस पिशव्या. नंदा बघत राहिली. चार वर्षांत मी कोयीला हात लावला नव्हता. चाकू धरता येत नसेल तर कोय लावायची कशाला? महिन्यानं कोंब येतील, तांबूस, बोटभर. तेव्हा हापूसची काडी त्यावर बांधायची. कोय कलम. या रत्नागिरी तालुक्यात माझ्यासारखं कोणी बांधत नव्हतं. सदूसुद्धा नाही.

"आणि नाय जमला तर?" नंदा म्हणाली.

जमणार! मी तसं ठणकावून सांगितलं. तिला कसं सांगू, कशाच्या जोरावर.

१८ जून, बुधवार

सदूनं आज माझे हात मागून घेतले. स्वतःच्या हातात धरून दोन मिनिटं बघत बसला, गुरांच्या डॉक्टरनं बघावं तसा. "जरा थांबलेत ना रे? थांबलेत!" म्हटलं, असतील. मी हात काढून घेतला. संशय आलाय का याला?

२५ जून, बुधवार

सदू पुन्हा जेवेना. नंदानं घावन केले, अर्धाच खाल्ला. "पित्त झालाय" म्हणतो. मी मनात म्हटलं, पाण्यानं कसलं पित्त? जुनं औषध अजून अंगात मुरलेलं असेल. नाही तर सवय. माणसाला न जेवायचीही सवय लागते.

मला मात्र काही होत नाही. एकदाही ढवळलं नाही. औषध मला सोसतंय! कलमाचंही तसंच असतं, एखाद्या खुंटाला काडी लगेच मानवते.

आज दोनदा मनात आलं, पेनं परत जागच्या जागी घालावीत. सदू घावनाचा तुकडा कावळ्याला घालत होता, तेव्हा. मग तो म्हणाला, "नंदावैनी, तुमचा हात म्हंजे कापूस हो." आणि ती हसली. माझ्या बोलण्यावर ती अशी कधी हसली? पेनं आहेत तिथंच राहू देत.

२ जुलै, बुधवार

घरीच वेटोळं काढलं. रेघ रेघेला दोनच ठिकाणी लागली. तारीख घालून ठेवलं.

६ जुलै, रविवार

सम्यकचा मुंबईहून फोन. "बाबा, आवाज खणखणीत वाटतोय तुमचा." श्रुतीला फोनवर सांगितलं, तुझ्या नावाचं एक झाड करतोय. ती म्हणाली, "आजोबा, आंबे कधी?" पाच वर्षांनी म्हटलं. ती चार वर्षांची आहे, तिला पाच वर्षं म्हणजे सगळा जन्म वाटला. रडायला लागली.

१३ जुलै, रविवार

कोंब आले! तिसांपैकी अठ्ठावीस. सदूनं त्याच्या हापूसच्या काड्या आणून देतो म्हटलं. नको म्हणालो. माझ्या झाडाच्या आहेत. मग म्हणतो, "पाचर मी करून दिऊ? तू नुसता बांध." त्याचे हात आता चाकू धरायला उत्तम, हे मला दाखवायचंय! म्हटलं, तू गाणी म्हण.

तो खरंच म्हणायला लागला. राग येऊनही हसू आलं. हेच त्याचं वाईट आहे.

२० जुलै, रविवार

सकाळी आठला बसलो. चाकू दगडावर लावला. कोंबाचा शेंडा उडवला, मधोमध चीर दिली. काडीला दोन बाजूंनी पाचर. पहिली पाचर वाकडी गेली. दुसरीही. तिसऱ्या वेळी चाकू अंगठ्यात शिरला. नंदा हळद घेऊन धावली. म्हणाली, "पुरे." मी म्हटलं, माझ्या अंगात काय आहे तुला माहीत नाही.

मग एकदाची जमली. पाचर चिरेत अशी बसली की फट दिसेना. पट्टी गुंडाळताना हात कापत होता, पण पट्टी सुटली नाही. अठ्ठावीस कलमं, सात तास. पूर्वी तेवढ्यात शंभर व्हायची. असू दे. अठ्ठावीस!

दुपारी सदू दारात उभा राहून बघून गेला. आत आलाच नाही. नंदा म्हणते त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. असणार. आता त्याला कळेल शेजारच्याचं गोल वेटोळं बघताना कसं वाटतं.

३० जुलै, बुधवार

टोचून झाल्यावर सदू म्हणाला, "सहदेवा, आपल्याला येक कायतरी सांगायचां हाय. पन आता नको. सप्टेंबरात सांगीन." खोकी मोजली की काय यानं? रात्री... नाही, रात्रीचं लिहीत नाही. झोप लागली नाही एवढंच.

१७ ऑगस्ट, रविवार

अठ्ठावीसपैकी एकवीस फुटली! तांबडी लुसलुशीत पानं. बंदी उठून पंधरा दिवस झाले, घरात ताजा बांगडा, दारात एकवीस कलमं. मी आज नंदाला म्हटलं, "औषध खरंय हो." ती म्हणाली, "औषध असो नायतर कायव्, तुमी परत तुमी झालात." मला तिला सगळं सांगावंसं वाटलं. कलमांना पाणी घालायला उठलो.

सदूला एक कलम द्यावं म्हणतो. सगळ्यात कमजोर बघून नव्हे. मधलं एखादं.

३१ ऑगस्ट, रविवार

सदूकडे गौरी आल्या. आम्ही दोघं जेवायला गेलो. अंगणात जाखडीचा नाच होता. पोरांनी गलका केला, सदूकाका मृदंग! सदूकाका मृदंग! आणि बसला की तो! तीन वर्षांनी. पहिली थाप जरा चुकली, मग हात असा बसला की नाचणाऱ्यांचे पाय त्याला पुरे पडेनात. लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते.

माझं पाणी आहे त्याच्या अंगात. बारा आठवडे निव्वळ पाणी! आणि तरी वाजवतोय! मी औषध घेऊन अठ्ठावीस कलमांना सात तास लावले आणि हा पाण्यावर मृदंग वाजवतो. याला कशाचीच गरज लागत नाही का? मग मार्चपासून औषध तरी कशाला घेतलं त्यानं, मला मिळालं असतं!

तुळसावहिनी म्हणाल्या, भाऊजी, मोदक घ्या. घेतला आणि पानातच ठेवला. पुन्हा पुन्हा तोच विचार. माझ्या एकवीस कलमांना कोण टाळ्या वाजवतं?

आणि सदू, मृदंग बाजूला ठेवून सरळ माझ्याकडे आला. घामाघूम. सगळ्यांदेखत माझे दोन्ही हात धरले, उंच केले आणि ओरडला, "ह्ये हात बगा! येकवीस कलमां बांदल्यान् ह्यानं, येकवीस!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्याचा इतका राग आला की मी निघून आलो.

३ सप्टेंबर, बुधवार

दवाखान्यात वेटोळं काढलं. राही मॅडम उठून उभ्या राहिल्या. "सहदेवकाका! हे तुम्ही काढलंत?" जूनचा कागद काढून शेजारी ठेवला. या वेळी माझाच माझ्या शेजारी. अक्षरही मोठं झालंय म्हणाल्या. सदूचं वेटोळं होतं तसंच गोल. वजन मात्र आणखी दीड किलो उतरलं त्याचं. मॅडम म्हणाल्या, मळमळ अजून आहे का? तो म्हणाला, "पित्त हो मॅडम." माझ्याकडे बघून डोळा मिचकावला.

दोघांची नवी खोकी मिळाली. तेरा आठवडे. एक्केचाळीस, बेचाळीस. रिक्षात माझ्या मांडीवर होती. सगळा रस्ता एकच हिशेब — पुन्हा बदलायची की नाही? पुलावर ठरवलं, बदलायची. एकदाच. माझा हात आता कुठे थांबायला लागलाय. डिसेंबरनंतर त्याला एक सोडून पाच कलमं देईन, पायाही पडेन.

घरी आलो. सदू म्हणाला तो पाचपर्यंत इथेच पडतो, घरी पाहुणे आहेत. नंदा चारला पिठाच्या गिरणीवर जाणार आहे.

तोच दिवस, साडेचार

नंदा गेली. मी स्वयंपाकघरात गेलो. फ्रिजपुढे सदू गुडघ्यावर बसलेला. दोन्ही खोकी उघडी. पेनं ओळीनं फरशीवर मांडलेली.

मला वाटलं, सापडलो!

तर तोच दचकला. मग हसला. "धरलंस काय रे? सांगनारच व्हतो तुला. जूनमधे खोकी आली ना, त्याच दिवशी मी आपली पेनां तुज्या खोक्यात घातली. माजा पोट ढवळायचा, तुजा नाय. म्हटलां, सहदेवा पांढऱ्या पट्ट्याचा. नऊ नंबर आठवतो? तसांच. माज्यानं बघवेना. आनि बग — दोन दिवसांत मळमळला तुला! तवाच वळकला, लागू पडला म्हनून. आता तुजे हात बग! माजा औषध वाया नाय गेला. मी काय, मी पान्यावर पन वाजवतंय."

चार जूनला त्यानं मला दिलं. दहा जूनला मी ते चोरून त्यालाच परत केलं. एकच बुधवार माझ्या अंगात औषध गेलं, आणि मी तिसऱ्यांना बोल लावला. ती कलमं मी पाण्यावर बांधली.

त्यानं उरलेली पेनं हळूहळू भरली. माझी त्याच्यात, त्याची माझ्यात. मला कधी इतकी लाज वाटली नव्हती. सांगायलाच हवं होतं.

"बोल ना कायतरी," सदू म्हणाला.

मी त्याला चहा ओतायला घेतला. अर्धा बशीत गेला.